अवखळ पिलू आणि वाटाड्या कुत्रा

जे पिलू घरभर धावते, चपला पळविते आणि आलेल्या पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारते, ते पुढे कोणत्याही जबाबदारीच्या कामाला निरुपयोगी ठरणार, असा सर्वसाधारण समज असतो. अंध व्यक्तीला रस्त्याने नेणाऱ्या वाटाड्या कुत्र्याच्या बाबतीत हा समज खरा नाही. भित्र्या आणि सुस्त पिलाकडून असे काम होत नाही. त्यासाठी उत्साह हवाच. प्रश्न असतो तो त्या उत्साहाला वळण लावण्याचा.

युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबर्ग येथे १९१६ मध्ये अशा कुत्र्यांची शाळा निघाली. या कार्याविषयी डोरोथी युस्टिस यांनी १९२७ मध्ये लिहिलेला लेख मॉरिस फ्रँक या अंध अमेरिकन तरुणाला वाचून दाखविण्यात आला. १९२८ मध्ये तो स्वित्झर्लंडला जाऊन ‘बडी’ या कुत्रीसह शिकला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कचा वाहता रस्ता त्याने तिच्या साहाय्याने ओलांडला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ‘सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. ब्रिटनमध्ये १९५६ पासून पिले सामान्य कुटुंबांत वाढविण्याची योजना सुरू झाली. पिलू सुमारे दोन महिन्यांचे असताना कुटुंबाकडे येते आणि वर्षभराने, किंवा थोडे अधिक काळाने, शाळेत परत जाते.

कुटुंबाकडे पिलू सोपविण्यामागे शास्त्रीय कारण आहे. स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, साधारणतः तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांदरम्यान पिलाला माणसांची आणि भोवतालच्या जगाची ओळख सहजतेने होते. या काळात जे परके राहते, त्याची पुढे भीती वाटू लागते.

म्हणून पिलाला निरनिराळे अनुभव हळूहळू द्यावे लागतात. म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील येलवालसारख्या गावी एखादे पिलू वाढवायचे झाले, तर त्याला मालमोटारींचे भोंगे, बसमधून उतरणारी गर्दी, वाटेवरच्या गाई आणि मोकाट कुत्री या सर्वांची सवय करावी लागेल. प्रथम दुरून पाहू द्यावे. पिलू शांत राहिले की शाबासकी द्यावी. मगच पुढे न्यावे. घाबरलेल्या पिलाला ओढत नेल्यास भीती अधिकच पक्की होते.

अवखळपणाही याच रीतीने आवरता येतो. पिलू अंगावर उडी मारते, कारण त्याला लक्ष हवे असते. अशा वेळी पाठ फिरवावी आणि चारही पाय जमिनीवर टेकताच त्याला कुरवाळावे. त्याने दोरी ताणली तर थांबावे. दोरी सैल होताच चालू लागावे. हाताला दात लावल्यास चघळण्याचे खेळणे पुढे करावे. पुष्कळदा पिलाचा धुमाकूळ हे थकव्याचे लक्षण असते. त्याला झोपेची गरज असते. नियम मात्र घरातील सर्वांनी सारखेच पाळावे लागतात. एकाने ताटातला घास द्यावा आणि दुसऱ्याने त्याबद्दल रागवावे, यातून पिलू काहीच शिकत नाही.

मारहाण का टाळावी, याचे खरे उत्तर पुढील शिक्षणात सापडते. वाटाड्या कुत्र्याचा सर्वांत अवघड धडा आज्ञा पाळण्याचा नसून, प्रसंगी ती न पाळण्याचा असतो. धन्याने ‘पुढे चल’ म्हटले आणि समोरून वाहन येत असले, किंवा पुढे उघडा खड्डा असला, तर कुत्र्याने जागीच उभे राहिले पाहिजे. अशा क्षणी धन्याचा जीव कुत्र्याच्या निर्णयावर अवलंबून असतो. धाकात वाढलेला कुत्रा केवळ शिक्षा चुकविण्यास शिकतो. स्वतः निर्णय घेण्याचे धैर्य त्याच्यात येत नाही. ते विश्वासात वाढलेल्या कुत्र्यातच येते.

सर्वच पिले या कसोटीस उतरत नाहीत. काही घरगुती कुत्री म्हणून सुखाने राहतात, काहींना दुसरे काम मिळते. जी उतरतात, त्यांचा निरोप घेणे कुटुंबाला जड जाते. ज्या पिलाने चपला कुरतडल्या, तेच आता एका अनोळखी माणसाच्या डाव्या बाजूने, साज चढवून, सावधपणे चालणार असते. त्याचा तो पूर्वीचा उत्साह नाहीसा झालेला नसतो. त्याला आता काम मिळालेले असते.