त्वचेचा कर्करोग, जनुके आणि आपली मुले

त्वचेचा कर्करोग हा गोऱ्या लोकांचा आजार, अशी आपली समजूत आहे. ती बऱ्याच अंशी खरी आहे. आपल्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरणांपासून पेशींचे रक्षण करते. परंतु याच समजुतीमुळे काही बालकांचे निदान उशिरा होते. म्हणून एका बालरोगतज्ज्ञाने हा विषय येथे मांडला आहे.

कर्करोग म्हणजे मुळात पेशीतील जनुकांचा बिघाड. बेसल सेल कार्सिनोमात बहुधा पीटीसीएच-१ हे जनुक निकामी होते आणि पेशींच्या वाढीवरील लगाम सुटतो. स्क्वॅमस सेल कार्सिनोमात अनेकदा टीपी-५३ हे पहारेकरी जनुक नष्ट झालेले आढळते. पाश्चात्त्य देशांतील मेलॅनोमाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत बीआरएएफ जनुकात उत्परिवर्तन असते. आपल्याकडे मात्र मेलॅनोमा बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली होतो. तेथे बीआरएएफचे प्रमाण कमी असून काही रुग्णांत केआयटी जनुक बिघडलेले असते. ऊन हे एकमेव कारण नव्हे, याचा दाखला डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्येच दिला होता. धोतराच्या सततच्या काचाने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे त्यांनी वर्णन केले.

हे बिघाड बहुधा आयुष्यभरात साचत जातात. उन्हाने डीएनएची हानी रोज होते आणि पेशी तिची डागडुजीही रोज करते. ही डागडुजीच जन्मतः सदोष असेल तर? झेरोडर्मा पिगमेंटोझम या आजारात नेमके हेच घडते, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले. अशा मुलांत त्वचेचा पहिला कर्करोग अनेकदा वयाच्या दहाव्या वर्षाच्या आतच होतो.

आई-वडील दोघेही सदोष जनुकाची एकेक प्रत बाळगून असतात. स्वतः मात्र निरोगी असतात. प्रत्येक गर्भारपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. आपल्या सीमाभागात मामाच्या मुलीशी आणि मामा-भाचीचे विवाह होत आले आहेत. नात्यातील विवाहात दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याचा संभव वाढतो.

निपाणी परिसरात तंबाखूच्या शेतावर आईबरोबर तान्ही मुलेही दिवसभर उन्हात असतात. दोन वर्षांच्या आतच चेहऱ्यावर व हातांवर गडद ठिपके उमटणे, त्वचा कोरडी पडणे, थोड्याशा उन्हाने भाजल्यासारखी होणे, उजेडात डोळे मिटून घेणे ही लक्षणे दिसताच, केवळ मलम देऊन मुलास परत पाठवू नये. त्वचारोग व नेत्ररोग तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

हा आजार मुळापासून बरा करता येत नाही. कर्करोग मात्र बराचसा टाळता येतो. त्यासाठी अंगभर कपडे, रुंद काठाची टोपी, अतिनील किरण अडवणारा चष्मा व सनस्क्रीन वापरावे आणि नियमित तपासणी करून घ्यावी. ऊन टाळल्यामुळे ड जीवनसत्त्व वेगळे द्यावे लागते. कुटुंबातील नेमके उत्परिवर्तन ठाऊक असल्यास पुढील गर्भाची तपासणीही शक्य असते.

अशा घरांत दोष बहुधा सुनेच्या माथी मारला जातो. जनुकाची एक प्रत आईची असते आणि एक वडिलांची. हे समजावून सांगणे हाही आपल्या उपचाराचाच भाग आहे.