वणव्यावरील आकाशाचा नकाशा

सन २०२५ च्या जानेवारींत अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहराच्या पॅलिसेड्स भागांत भयंकर वणवा पेटला होता. ता. ९ रोजीं कॅनडाहून मदतीस आलेलें एक विमान एका ड्रोनवर आदळलें. हें विमान पाण्यावरून सरकत सुमारें १२ सेकंदांत ६,००० लिटर पाणी पोटांत भरून घेतें. ड्रोन म्हणजे जमिनीवरून चालविलें जाणारें, वैमानिकावांचून उडणारें लहानसें यंत्र. तेथें उड्डाणास बंदी होती; तरी एका गृहस्थानें आगीनें झालेलें नुकसान पाहण्यासाठीं तें सोडलें, आणि अडीच किलोमीटर जातां जातां तें त्याच्या दृष्टीआड झालें. वैमानिक सुखरूप उतरले. परंतु पंखास भोंक पडल्यामुळें विमान कांहीं दिवस जमिनीवर अडकून राहिलें. ते दिवस वणव्याला मिळाले.

यावरून ड्रोन हा अग्निशामकांचा शत्रूच, असें मात्र कोणीं समजूं नये. ते स्वतःही ड्रोन वापरतात. उष्णता टिपणारा त्याचा कॅमेरा धुरापलीकडील आग दाखवितो. रात्रीं किंवा दाट धुरांत, जेव्हां वैमानिकांस बहुधा थांबावें लागतें, तेव्हां त्याचा विशेष उपयोग. मग एकाच आकाशांत कोण कोठें आहे, हें कळावें कसें?

आजवर हें काम मुख्यतः कानांनीं होत आलें आहे. वणव्यावर उंच घिरट्या घालणाऱ्या विमानांतील अधिकारी बिनतारी यंत्रावरून आज्ञा देतो. येणाऱ्या विमानानें १२ सागरी मैलांवरून त्यास हांक द्यावी, व उत्तर आल्याशिवाय ७ मैलांच्या आंत शिरूं नये, असा अमेरिकेंत दंडक आहे. ह्या कानांच्या जोडीस डोळे द्यावे म्हणून नासा ह्या संस्थेनें प्रवासी पेटीएवढें एक उपकरण तयार केलें, आणि मार्च २०२५ मध्यें कॅलिफोर्नियांतील सॅलिनस येथें त्याची परीक्षा घेतली. त्यांत संगणक, बिनतारी यंत्र व विमानांचे संदेश ऐकणारें साधन असतें.

परंतु पडद्यावर काय व कसें दाखवावें, हाच खरा कठीण प्रश्न. पडदा सपाट, आकाश खोल! नकाशावर एकावर एक आलेल्या दोन खुणांत कदाचित् हजारों फुटांचें अंतर असेल. म्हणून प्रत्येक खुणेशेजारीं उंचीचा आंकडा हवाच. आगीची सीमा तांबडी काढली, तर धोक्याच्या सूचनेस दुसरा रंग शोधावा, हें उघड आहे. याहून मोठी अडचण निराळी आहे. डोंगराआड संदेश तुटतो, आणि विमानाची खूण मात्र शेवटच्या जागीं तशीच राहते. ताशी २०० किलोमीटर वेगाचें विमान अर्ध्या मिनिटांत किती जाईल, हा हिशेब विद्यार्थ्यांनीं करून पाहावा: दीड किलोमीटरहून अधिक! अशी शिळी खूण ताजी भासणें हें खूण नसण्याहून वाईट, असें मला वाटतें. म्हणून माहिती जुनी होतांच खूण फिकट व्हावी, व ती किती सेकंदांपूर्वींची आहे हें शेजारीं दिसावें.

आणि जें यंत्र असा संदेशच पाठवीत नाहीं, त्याचें काय? हौशी लोकांचीं लहान ड्रोनें विमानांप्रमाणें आपला ठावठिकाणा सहसा कळवीत नाहींत. पॅलिसेड्सवर हें उपकरण असतें, तरी तें ड्रोन त्यावर उमटलें नसतें. तेव्हां पडदा रिकामा दिसला, तरी अशा आकाशांत शिरणाऱ्या वैमानिकास खिडकींतून बाहेर पाहणें चुकलेलें नाहीं.