किशोरवय, कुटुंब आणि आरोग्य : एका दीर्घ अभ्यासाचा बोध

आमच्या बाह्यरुग्ण विभागात चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा येतो. डॉक्टर प्रश्न त्याला विचारतात. उत्तर मात्र आई देते. केसपेपरवर डोकेदुखी नोंदली जाते, रात्री झोप का लागत नाही हे नोंदले जात नाही. हे चित्र आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. म्हणून या विषयावरील एका महत्त्वाच्या अभ्यासाचा परिचय येथे करून देत आहोत.

अभ्यासाचे स्वरूप

अमेरिकेतील हा अभ्यास ‘ॲड हेल्थ’ या नावाने ओळखला जातो. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात त्याची आखणी झाली. १९९४-९५ मध्ये सातवी ते बारावीच्या सुमारे ९०,००० विद्यार्थ्यांनी शाळेत प्रश्नावली भरून दिली. पुढे शाळांच्या पटावरून निवडलेल्या २०,७४५ मुलामुलींच्या घरी जाऊन मुलाखती घेण्यात आल्या. नाजूक प्रश्न मुलांनी हेडफोनवर ऐकले आणि उत्तरे स्वतःच संगणकावर नोंदवली. पालकांना, बहुधा आईला, स्वतंत्रपणे प्रश्न विचारण्यात आले. याच पिढीशी १९९६, २००१-०२, २००८ आणि २०१६-१८ या काळांत पुन्हा संपर्क साधण्यात आला.

काय आढळले

मायकेल रेस्निक व सहकाऱ्यांनी १२,११८ मुलामुलींच्या माहितीवर आधारित निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. आईवडिलांशी जिव्हाळ्याचे नाते असलेल्या आणि शाळेविषयी आपुलकी वाटणाऱ्या मुलांमध्ये मानसिक क्लेश, आत्महत्येचे विचार, हिंसाचार आणि व्यसने यांचे प्रमाण कमी आढळले. सकाळी, शाळा सुटल्यावर, जेवताना व झोपताना पालक घरी असणे हेही उपयुक्त दिसले. तथापि केवळ उपस्थितीपेक्षा जिव्हाळ्याचे महत्त्व अधिक होते.

हे निष्कर्ष परस्परसंबंध दाखवतात, कार्यकारणभाव सिद्ध करीत नाहीत. शिवाय समाज अमेरिकेचा आहे. म्हणून मूल आजारी पडले की दोष पालकांच्या माथी मारणे, हा त्यांचा अर्थ नव्हे.

आपल्यासाठी बोध

आपल्याकडे ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात पोषणाबरोबर मानसिक आरोग्य, हिंसा व व्यसने यांचाही समावेश आहे. म्हणजे किशोरवयीन रुग्णाकडे केवळ तापाच्या तक्त्यावरून पाहून चालणार नाही, हे येथेही मान्य झाले आहे.

या अभ्यासातून दोन गोष्टी आम्ही घेतल्या. मुलाला घराचा आधार हवा, आणि मनातले बोलण्यासाठी थोडा एकांतही हवा. या दोहोंत विरोध नाही. डॉक्टरांनी मुलाशी पाच मिनिटे एकट्याने बोलण्याची इच्छा व्यक्त केल्यास पालकांनी तो अविश्वास समजू नये, ही नम्र विनंती.

आमची उणीवही नमूद करणे आवश्यक आहे. तपासणीच्या जागी आज केवळ पडदा आहे. पलीकडे बसलेल्यास सर्व ऐकू येते. दार बंद होणारी एक लहान खोली या मुलांसाठी असावी, असा आमचा मानस आहे. विश्वस्त व देणगीदार यांनी त्याचा आस्थेने विचार करावा.