घर बघायला संध्याकाळी जा

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यात बदली झाली की माणूस भाड्याच्या घराची चौकशी ठरल्यासारखी करतो. भाडं किती, डिपॉझिट किती, पाणी रोज येतं का, एसटीचा थांबा किती लांब. जुन्नर शहरात, मंचरच्या किंवा नारायणगावच्या बाजारपेठेत खोली मिळणार असेल तर एवढं पुरतं. पण पेठेतली भाडी सगळ्यांना झेपत नाहीत आणि नोकरीचं ठिकाणही पुष्कळदा आडबाजूला असतं, म्हणून बरेच जण मळ्यात, वस्तीवर घर घेतात. तिथे पहिला प्रश्न वेगळा हवा : घराच्या मागच्या भिंतीपासून ऊस किती लांब आहे?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. काही वर्षं घोडेगावच्या बाजूला काढून ओतूरच्या पट्ट्यात आले. घर चांगलं होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी, परसात संडास. घरमालक भला माणूस. बिबट्याचा विषय मी काढायच्या आधी त्यांनीच काढला. "मॅडम, वाघ फिरतो इकडनं. पण माणसाला काय करत नाय. कुत्री नेतो." ते खोटं बोलले नव्हते. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर निजलेली शेजारची कुत्री त्याने उचलून नेली. त्याच ओट्यावर माझी मुलगी रोज अभ्यासाला बसायची. त्या वेळी ती आत जेवत होती, एवढाच फरक.

त्यानंतर मी घर बदललं, नव्याने येणाऱ्या सहकाऱ्यांना घरं शोधून दिली, वस्तीवरच्या जुन्या माणसांशी आणि वनरक्षकांशी बोलत राहिले. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडते.

तो वाट चुकून येत नाही

नवख्याला वाटतं, जंगल तुटलं म्हणून बिबट्या गावात शिरला, जंगलात नेऊन सोडला की प्रश्न मिटला. इथली गोष्ट निराळी आहे. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणं झाली, कालवे आले आणि कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. ऊस वर्ष-दीड वर्ष जागचा हलत नाही. आत सावली आणि पाटाचं पाणी, बाहेर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. बिबट्याच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या आणि वाढल्या. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांतली २३३ गावं २०२४ मध्ये बिबट आपत्तीप्रवण म्हणून जाहीर झाली, ती याच कारणाने.

शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास झाला. त्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात ८७ टक्के वाटा गावातल्या जनावरांचा निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. म्हणजे त्याचं ताट आपणच अंगणात वाढून ठेवतो. घर निवडताना आणि घरात राहताना हे ताट आपल्या दारापासून किती दूर सरकवता येईल, एवढंच बघायचं असतं. बाकी सगळे नियम यातूनच निघतात.

घर बघताना

दुपारी घर दाखवायला बोलावलं तर एकदा दुपारी जा आणि पुन्हा एकदा दिवेलागणीला जा. दुपारी भिंती, ओल, पाण्याची टाकी कळते. पुढच्या गोष्टी संध्याकाळीच कळतात.

थांब्यापासून घरापर्यंत चालत या. पाणंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊस किंवा मका आहे का? खांबावरचा दिवा लागतो का, की नुसता खांबच आहे? वीज गेली की किती वेळ जाते, हे घरमालकाऐवजी शेजारणीला विचारा.

संडास कुठे आहे? परसात असेल तर वाटेवर दिवा आहे का, दार आतून नीट लागतं का? घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल आणि संडास बाहेर असेल, तर दुसरं घर बघा. थोडं भाडं जास्त गेलं तरी चालेल. रात्री-पहाटे एकट्याने परसाकडे जायची वेळ ही वस्तीवरच्या दिवसातली सगळ्यात धोक्याची वेळ आहे.

गोठा कुठे आहे आणि तो बंदिस्त आहे का? तो मालकाचा असला तरी प्रश्न तुमचा आहे. उघड्या गोठ्यात बांधलेल्या शेळ्या तुमच्या खिडकीखाली असतील, तर बिबट्या तुमच्या खिडकीखाली येणार.

शेवटचं, वस्तीवर कुत्री किती आणि ती रात्री कुठे झोपतात ते बघा. ज्या ओट्यावर कुत्री निजतात त्या ओट्यावर पोरं बसवायची नाहीत.

करारात काय लिहून घ्यावं

आपल्याकडे वस्तीवरचं घर शब्दावर घेतात. तसं करू नये. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. म्हणून नोंदणी दोघांच्याही फायद्याची, हे मालकाला शांतपणे सांगावं. ही नोंदणी ऑनलाइनही होते.

नेहमीच्या छापील मजकुरात वस्तीवरच्या घराला लागणाऱ्या गोष्टी नसतात. त्या वेगळ्या लिहून घ्याव्यात. एक, घराच्या मागे-पुढे रात्रभर चालणारे दिवे आणि त्यांचं बिल कोण भरणार. हे क्षुल्लक वाटतं. पण आमच्याकडे मागचा दिवा मालकांच्या मीटरवर होता आणि नऊ वाजले की तो बंद व्हायचा. मी तो माझ्या मीटरवर घेतला तेव्हा कुठे तो रात्रभर जळू लागला. दोन, खिडक्यांना जाळी आणि ओट्याला दार किंवा लोखंडी जाळी कोण बसवणार. तीन, आजूबाजूचं रान मालकाचंच असेल तर घराला लागून ऊस न लावता मधे मोकळी पट्टी सोडायची. तिथे भाजीपाला, मेथी-कोथिंबीर असं बुटकं पीक घेता येतं. मालक या अटी ऐकून हसले तर हसू द्या. बहुतेक जण मान्य करतात, कारण त्यांचीही नातवंडं त्याच अंगणात खेळतात.

दिवेलागणीनंतर

बिबट्या बहुतेक वेळा उभ्या, धिप्पाड माणसाला टाळतो. वाकलेलं, बसलेलं किंवा लहान शरीर त्याला जनावरासारखं दिसतं. म्हणून लहान मुलं, म्हातारी माणसं आणि खुरपणीला, गवत कापायला वाकलेल्या बायका यांना धोका जास्त. अंधार पडल्यावर अंगणात बसून भांडी घासायची नाहीत. चूळ भरायला, लघवीला मुलांना एकटं बाहेर सोडायचं नाही. अंगणात झोपायचं नाही, उन्हाळ्यातसुद्धा. वाटेने जाताना हातात बॅटरी आणि काठी, जमल्यास सोबत दुसरं माणूस. मोबाइलवर गाणी लावा, मोठ्याने बोलत चला. आपण येतोय हे त्याला आधी कळलं तर तो बाजूला होतो.

शेतकऱ्यांना हे सांगणं सोपं, पाळणं अवघड. शेतीची थ्री फेज वीज पुष्कळदा रात्रीच येते, मग मोटर चालू करायला आणि बारं धरायला अंधारात जावंच लागतं. बिबट्यांच्या पट्ट्यात शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी इथली माणसं म्हणूनच पुन्हा पुन्हा करतात. नोकरदार भाडेकरूनेही ग्रामसभेत या मागणीला हात वर केला पाहिजे. रात्रीचं बारं धरणाऱ्याची लेकरं आपल्याच वर्गात बसलेली असतात.

कचरा, कोंबड्या, गोठा

या भागात पोल्ट्री पुष्कळ आहेत. मेलेल्या कोंबड्या कालव्याच्या कडेला किंवा ओढ्यात टाकल्या की आधी कुत्री जमतात आणि त्यांच्या मागे बिबट्या येतो. खाटकाच्या दुकानामागचा कचरा, लग्नातलं उरलेलं अन्न यांचंही तेच. एका घराने अंगण स्वच्छ ठेवून भागत नाही, शेजारच्याने खड्डा खणून पुरलं तरच उपयोग. हे भांडणाने होत नाही. ग्रामपंचायतीकडून वस्तीपुरता नियम करून घ्यावा, म्हणजे वाईटपणा कोणा एकाकडे येत नाही.

शेळी, वासरू पाळत असाल तर गोठा चारी बाजूंनी आणि वरूनही बंद हवा. अर्धी भिंत आणि वर मोकळं, असा गोठा बिबट्याला अडवत नाही. तरीही जनावर गेलंच, तर ते जागचं हलवू नका. ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवा आणि पंचनामा होऊ द्या, नाहीतर भरपाई अडते. माणूस दगावला तर सरकार वारसांना २५ लाख रुपये देतं. त्याने गेलेलं माणूस येत नाही, पण कागद वेळेत झाले नाहीत तर घर दोन्हीकडून बुडतं.

उसतोडीचे महिने

दिवाळीच्या आगेमागे विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांची धुराडी पेटली की फड मोकळे होऊ लागतात. लपण कमी झालं की बिबटे दिवसाही दिसू लागतात. तोडणीत पाचटाखाली बछडे सापडतात. ते उचलू नयेत, त्यांच्यासोबत फोटो तर मुळीच काढू नयेत. तोड थांबवून वनविभागाला कळवावं. ते लोक माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातल्या डॉक्टरांच्या मदतीने बछडे तपासतात आणि त्याच जागी ठेवून मादीची वाट बघतात. बहुतेकदा ती रात्रीतून येऊन पिल्लं घेऊन जाते. पिल्लं हलवली तर ती शोधत वस्तीभर फिरते.

या दिवसांत सगळ्यात उघड्यावर असतात त्या तोडणी मजुरांच्या कोप्या. दार नाही, दिवा नाही, पोरं जमिनीवर झोपलेली. आपल्या वस्तीशेजारी कोप्या पडल्या तर एक बल्ब ओढून द्यावा, त्यांच्या बायकांना संडास वापरू द्यावा, त्यांची मुलं दिवसा शाळेत किंवा अंगणवाडीत आणून बसवावीत. याला फारसा खर्च येत नाही.

समोर आला तर

पळू नका, खाली बसू नका, पाठ फिरवू नका. लहान मूल असेल तर उचलून घ्या. हात वर करून मोठ्याने ओरडत हळूहळू मागे सरा आणि त्याला जायला वाट ठेवा. बिबट्या विहिरीत पडला किंवा घरात शिरला की सगळं गाव व्हिडिओ काढायला धावतं. गर्दीत अडकलेला बिबट्या वाट दिसेल तिकडे उडी घेतो आणि मधे येईल त्याला जखमी करतो. अशा वेळी लोकांना मागे लोटणं हेच मोठं काम. विहिरीला कठडा नसेल तर तोही बांधून घ्यावा, माणसांसाठी आणि त्याच्यासाठीही.

"पिंजरा लावा" म्हणण्याआधी

कुत्री गेल्यावर आमच्या वस्तीनेही पिंजऱ्याची मागणी केली. भीती खरी असते, तिला नावं ठेवू नयेत. पण या तालुक्यांनी हा प्रयोग एकदा करून पाहिलेला आहे. २००१ पासून जुन्नर विभागात बिबटे मोठ्या संख्येने पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर नोंदी तपासल्या. आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, ते मोहिमेनंतर १७ वर गेले. मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतो आणि सोडलेला अनोळखी मुलखात बिथरतो.

याचा अर्थ पिंजरा कधीच नको, असा नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसं गेली, त्यात दोन मुलं. लोक पुणे-नाशिक महामार्गावर उतरले आणि अखेर एक बिबट्या गोळी घालून मारावा लागला. माणसावर ठरवून हल्ला करणारा बिबट्या हटवावाच लागतो. पण नुसता दिसला, पाऊल उमटलं, कुत्रं गेलं म्हणून रोज पिंजरा मागितला, तर ज्या वस्तीवर खरंच गरज आहे तिथे तो वेळेवर पोहोचत नाही. शिवाय पिंजरा आला की अंगणातला दिवा, कचरा, गोठा यांची आठवण कोणाला राहत नाही.

पहिल्या आठवड्यात

सामान लागायच्या आधी चार माणसांना भेटून या. तुमच्या गावाचा वनरक्षक, पोलीस पाटील, सरपंच आणि वायरमन. त्यांचे नंबर आणि वनविभागाचा १९२६ हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसालाही तो वाचता येईल. वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या, पण तिथे आलेला प्रत्येक व्हिडिओ पुढे ढकलू नका. दुसऱ्या जिल्ह्यातला जुना बिबट्या आपल्या मळ्यात दिसला म्हणून फिरत असतो.

आणि घर सोडताना येणाऱ्या नव्या भाडेकरूला मागचा दिवा कोणाच्या मीटरवर आहे ते सांगून जा.