जुना सर्व्हर बदलायचा आहे? आधी हिशेब समजून घ्या

आडत दुकान असो, कृषी सेवा केंद्र असो, महाविद्यालय असो की अजिंठा रस्त्यावरचे हॉटेल. वेबसाइट एकदा उभी राहिली की तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. होस्टिंगचे पैसे दरवर्षी भरले जातात, साइट उघडते, म्हणजे सगळे ठीक आहे असे आपण धरून चालतो. पण ज्या सर्व्हरवर ती साइट आहे, त्याची ऑपरेटिंग सिस्टीम मुदतबाह्य झालेली असू शकते. मुदत संपली की सुरक्षेचे अपडेट थांबतात. साइट चालू राहते, मात्र नव्याने सापडलेली भगदाडे बुजवली जात नाहीत.

होस्टिंगमध्ये वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या सेंटओएस ७ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. सेंटओएस ८ची त्याआधीच, ३१ डिसेंबर २०२१ला संपली होती. उबुंटू १८.०४चे नेहमीचे अपडेट मे २०२३मध्ये, तर २०.०४चे मे २०२५मध्ये बंद झाले. विंडोज सर्व्हर २०१२चे १० ऑक्टोबर २०२३ रोजी.

आपला सर्व्हर कोणता? तपासणी फुकट

साइट वर्डप्रेसवर असेल तर डॅशबोर्डमधील ‘टूल्स’मध्ये ‘साइट हेल्थ’ उघडा, ‘इन्फो’वर जा आणि ‘सर्व्हर’चा भाग पाहा. तिथे लिनक्सपुढचा आकडा ३.१० ने सुरू होत असेल, तर सर्व्हर सेंटओएस ७च्या पिढीचा असण्याची दाट शक्यता आहे. होस्टिंगवाल्याला लगेच विचारा. त्याच पानावर पीएचपीची आवृत्ती दिसते. ती ७.४ किंवा त्याहून जुनी असेल तर तिचीही मुदत नोव्हेंबर २०२२मध्ये किंवा त्याआधीच संपली आहे.

शेअर्ड होस्टिंग असेल तर

एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतील, तर ऑपरेटिंग सिस्टीम बदलणे हे होस्टिंग कंपनीचे काम आहे. त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका. आपल्याला फक्त कंट्रोल पॅनेलमधून पीएचपी बदलावी लागते. कंपनी टाळाटाळ करत असेल तर दुसरी शोधा. नवा ग्राहक आला की त्याची साइट मोफत हलवून देणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत.

स्वतःचा व्हीपीएस (आभासी खासगी सर्व्हर) असेल तर

इथे खर्च आपला. लिनक्स असेल तर सिस्टीम मात्र फुकट आहे. सेंटओएसच्या जागी आलेल्या अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या दोन्हींना परवाना शुल्क नाही. अल्मालिनक्स ९ला २०३२पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. उबुंटू १८.०४ किंवा २०.०४ असेल आणि हात आखडता असेल, तर ‘उबुंटू प्रो’ पाच यंत्रांपर्यंत मोफत मिळते. त्यात अपडेटची मुदत दहा वर्षांपर्यंत वाढते, म्हणजे १८.०४ला २०२८पर्यंत आणि २०.०४ला २०३०पर्यंत उसंत मिळते.

पैसे लागतात ते तीन गोष्टींना : काही दिवस दोन सर्व्हर एकाच वेळी चालवणे, बॅकअप आणि कारागिराचे तास.

आहे त्याच सर्व्हरवर सिस्टीम बदलण्याचा मार्ग स्वस्त दिसतो. त्यासाठी ‘एलिव्हेट’सारखी मोफत साधने आहेत. पण सेंटओएस ७ वरून अल्मालिनक्स ९ वर थेट उडी मारता येत नाही, आधी ८ वर जावे लागते. मध्येच बिनसले तर साइट बंद आणि परत फिरायला जागा नाही. म्हणून आमचा सल्ला स्पष्ट आहे : नवा सर्व्हर घ्या, त्यावर साइट उभी करा, तपासा आणि मगच जुना सोडा.

नमुना हिशेब

तीन लहान वर्डप्रेस साइट असलेला एक व्हीपीएस धरू. २ जीबी मेमरीचा साधा व्हीपीएस डिजिटलओशनसारख्या कंपनीकडे महिन्याला सुमारे १२ डॉलरला मिळतो. डॉलर ९० रुपयांचा आणि मजुरी तासाला ७०० रुपये धरली आहे. आपला दर वेगळा असेल तर तो घालून बेरीज करा.

- नवा सर्व्हर, एक महिना : १,०८० रुपये
- साप्ताहिक बॅकअप, भाड्याच्या २० टक्के : २१६ रुपये
- कारागिराचे १२ तास : ८,४०० रुपये
- सुरक्षा प्रमाणपत्र, लेट्स एन्क्रिप्टचे : मोफत
- १८ टक्के जीएसटी : सुमारे १,७४५ रुपये
- एकूण : सुमारे ११,४४० रुपये

एकच साधी साइट असेल आणि ईमेल दुसरीकडे असेल, तर चार-पाच तास पुरतात. मेलबॉक्सही त्याच सर्व्हरवर असतील तर तास वाढतात. सीपॅनेलचा परवाना वेगळा लागतो आणि त्याचे दर खात्यांच्या संख्येवर ठरतात. हेस्टिया किंवा व्हर्चुअलमिन हे मोफत पर्याय आधी पाहून घ्या. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या तंत्रज्ञाला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. त्यामुळे तो जीएसटी लावत असेल तर नोंदणी क्रमांकासह बिल मागा.

हे काम दुरून होते. सर्व्हर मुंबईत असो वा बंगळुरूत, छत्रपती संभाजीनगरहून माणूस सिल्लोडला येण्याची गरज नाही. ‘व्हिजिट चार्ज’ देऊ नका.

मराठी साइटसाठी खास काळजी

जुन्या डेटाबेसमधील मजकूर चुकीच्या एन्कोडिंगने उतरवला की नव्या सर्व्हरवर मराठीऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. म्हणून नवा डेटाबेस ‘यूटीएफ८एमबी४’मध्येच करायला सांगा. ‘ळ’, ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘ऱ्या’ असलेली दहा पाने स्वतः उघडून वाचा. फॉर्म भरून पाहा, त्यात मराठी नाव लिहा, पीडीएफ उतरवून पाहा. हे काम तंत्रज्ञावर सोडू नका. आपल्या मजकुरातली चूक आपल्यालाच पटकन दिसते.

काम देताना

- आधी बॅकअप घ्या आणि तो दुसरीकडे उघडून दाखवायला सांगा. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबू नका.
- डीएनएसची मुदत, म्हणजे टीटीएल, आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणा. नवा पत्ता लवकर पसरतो.
- ईमेल असेल तर एसपीएफ नोंदीत नवा आयपी घालायला सांगा, नाहीतर तुमची पत्रे स्पॅममध्ये जातील.
- दिवस निवडताना प्रवेशाचे किंवा मक्याच्या आवकेचे दिवस टाळा. रविवारची रात्र बरी.
- जुना सर्व्हर निदान पंधरा दिवस चालू ठेवा.
- एक तृतीयांश रक्कम आगाऊ द्या, उरलेली साइट आठवडाभर नीट चालल्यावर.
- डोमेन आपल्या नावावर आणि रूट पासवर्ड आपल्या हातात हवा. काम संपले की पासवर्ड बदला.

पतसंस्था, दवाखाना किंवा शाळा यांच्याकडे लोकांची माहिती असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार सुरक्षेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. साइट हॅक झाली तर सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला सहा तासांत कळवावे लागते. आर्थिक फसवणूक झाली असेल तर १९३० वर तक्रार करा.

लोकांनी विश्वासाने दिलेले मोबाइल क्रमांक आणि पत्ते आपल्या साइटवर आहेत, ते जपणे आपले काम आहे. आज दहा मिनिटे काढा, ‘साइट हेल्थ’ उघडा आणि तो आकडा वाचा. तो ३.१० असेल तर होस्टिंगच्या पुढच्या नूतनीकरणाची वाट पाहू नका.