सुएझचा कालवा

भूमध्य समुद्र व तांबडा समुद्र यांना जोडणारा सुएझ कालवा १८६९ साली खुला झाला. तो खणताना हजारो इजिप्शियन मजुरांनी घाम गाळला, कित्येकांनी प्राणही वेचले. परंतु कारभार व नफा परकीयांच्याच हाती राहिला. २६ जुलै १९५६ रोजी राष्ट्राध्यक्ष नासर यांनी कालवा राष्ट्राच्या मालकीचा केला.

सप्टेंबरात जहाजांना वाट दाखविणारे बहुतेक परदेशी नाविक काम सोडून गेले. ‘आता कालवा बंद पडणार!’ असे पुष्कळांना वाटले. परंतु इजिप्शियन व सोबतीस राहिलेल्या ग्रीक नाविकांनी रात्रीचा दिवस केला आणि जहाजांची ये-जा चालू ठेविली.

ऑक्टोबरअखेर इझ्रायल, ब्रिटन व फ्रान्स यांनी इजिप्तवर चाल केली. इजिप्तच्या सैन्यास माघार घ्यावी लागली. तथापि संयुक्त राष्ट्रसंघाने युद्ध थांबविण्यास बजाविले. अमेरिका व सोव्हिएट रशिया हे प्रतिस्पर्धीही चढाईच्या विरोधात उभे राहिले. डिसेंबरात ब्रिटिश व फ्रेंच सैन्य परतले. एप्रिल १९५७ मध्ये बंद पडलेला कालवा पुन्हा खुला झाला.

इजिप्तची रणांगणावर सरशी झाली नाही. तरीही कालवा त्याचाच राहिला. साम्राज्यांचे दिवस सरले, हे जगाने ओळखले.