वेबसाइटची थीम निवडताना: डेमो बघू नका, ग्राहकाचा मोबाइल बघा



वर्डप्रेसवर साइट सुरू केली की पहिला प्रश्न येतो, थीम कोणती घेऊ? थीम म्हणजे दुकानाचं फर्निचर आणि रंगकाम. माल तुमचा, मांडणी थीमची. डेमोमधले फोटो बघून भुलू नका, ते थीमसोबत येतीलच असं नाही.

निवडण्याआधी तीन गोष्टी तपासा

- ग्राहकाचं काम: मसाले विकताय? मग भाव, फोटो आणि व्हॉट्सॲपचं बटण लगेच दिसायला हवं. फिरत्या स्लाइड नकोत, त्यांनी साइट जड होते.
- शेवटचं अपडेट: वर्डप्रेसच्या थीम डिरेक्टरीत प्रत्येक थीमच्या पानावर ही तारीख असते. दोन-तीन वर्षं हात न लावलेली थीम सोडून द्या. ॲस्ट्रा, केडन्स, जनरेटप्रेस यांच्या मोफत आवृत्त्या सुरुवातीला पुरतात.
- मराठी अक्षरं: माँटसेराटसारख्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मग मोबाइल स्वतःचाच फॉन्ट वापरतो आणि पान विजोड दिसतं. मुक्ता किंवा पॉपिन्स निवडा, दोन्हींत देवनागरी आहे.

थीम अशी बसवा

१. साइट आधीपासून चालू असेल तर बॅकअप घ्या.
२. डॅशबोर्डमध्ये अपिअरन्स, मग थीम्स, मग ॲड थीम.
३. नाव शोधून इन्स्टॉल करा. विकत घेतलेली थीम असेल तर अपलोड थीम वापरा, थीमची झिप फाइल न उघडता तशीच द्या.
४. लगेच ॲक्टिव्हेट करू नका. आधी लाइव्ह प्रिव्ह्यूमध्ये तुमचाच मजकूर कसा दिसतो ते बघा.

थीम बदलली तरी तुमची पानं आणि फोटो जात नाहीत. मेनू आणि विजेट मात्र पुन्हा लावावे लागू शकतात.

हे कधीच करू नका

टेलिग्रामवर 'प्रीमियम थीम फुकट' म्हणून फिरणाऱ्या फाइल घेऊ नका. त्यांत लपवलेला कोड असू शकतो. तुमचा ग्राहक मसाला घ्यायला येतो आणि भलत्याच जुगाराच्या साइटवर पोचतो. गूगलने धोक्याची सूचना लावली, तर कमावलेला विश्वास गेलाच म्हणा. पैसे नसतील तर अधिकृत मोफत थीम घ्या, त्यात कमीपणा नाही.

आजचा गृहपाठ

एका उत्पादनाचं पान बनवा. वायफाय बंद करून घरातल्या सगळ्यात साध्या मोबाइलवर उघडा. भाव न झूम करता वाचता आला आणि ऑर्डरचं बटण अंगठ्याने सहज दाबता आलं, तर तुमची थीम पास!